ग्लिकलबाईंची वही

आमच्या मोआदोनमध्ये गेल्या हिवाळ्यात एक तरुण समाजसेविका आली आणि आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना एकेक वही वाटून गेली. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, आखलेली. म्हणाली, रोज रात्री निजण्यापूर्वी पंधरा मिनिटे लिहा. मनात येईल ते लिहा. चुका बघू नका, कुणाला दाखवू नका, वाटले तर फाडून टाका. मनावरचा ताण उतरेल, झोप लागेल. आमच्या वेळी ताण हा शब्द दोरीला नाहीतर शिवणयंत्राच्या दोऱ्याला लागत असे. माणसाला काळजी असे, जिवाला घोर असे. पण शब्द बदलला म्हणून दुखणे बदलत नाही.

त्या वह्यांचे पुढे काय झाले तेही सांगते. एका बाईंनी बाजाराच्या याद्या लिहिल्या. एकीने नातवाला गणिते करायला दिली. एका गृहस्थांनी पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव आणि तारीख घातली आणि वही कपाटात ठेवली. विचारले तर म्हणतात, 'खराब होईल.' मी मात्र लिहिले. माझे यजमान गेल्याला तीन वर्षे झाली. तेव्हापासून रात्री दोनला डोळे उघडतात, ते पुन्हा मिटत नाहीत. कुपत खोलीमचे डॉक्टर गोळी देतात, गोळीने सकाळी चक्कर येते. गोळीपेक्षा वही बरी, म्हणून बसले. सहा आठवडे झाल्यावर मागची पाने चाळली तर काय, रोज तेच! तीच तक्रार, तीच माणसे, वाक्येसुद्धा तीच. ताण उतरायचा राहिला बाजूला, तो मला तोंडपाठ झाला होता.

याच दिवसांत माझ्या मुलीने वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणून दिले. ग्लिकल नावाच्या बाईंच्या आठवणी. मूळ यिद्दिश, आणि समोरासमोर हिब्रू भाषांतर, म्हणजे आपल्या या मासिकासारखाच दोन भाषांचा संसार. खावा तुर्नियान्स्की या विदुषींनी संपादन आणि भाषांतर केले असून ते 2006 साली येरुशलायीमला निघाले. माझे हिब्रू उल्पानचे आणि पुढे गिरणीत यंत्रांच्या खडखडाटात शिकलेले. त्यामुळे पुस्तक संपायला चार महिने लागले. पण त्या चार महिन्यांत मला जे कळले ते त्या समाजसेविकेच्या पंधरा मिनिटांत नव्हते. म्हणून हा लेख.

ग्लिकलबाई हॅम्बुर्गच्या. जन्म सतराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज तोरण्यावर चढले त्याच सुमाराचा. बाराव्या वर्षी लग्न ठरले, चौदाव्या वर्षी झाले. नवऱ्याचे नाव हाईम. नाव वाचताच मला आपल्या समाजातले दहा हाईम आठवले. दोघांनी मिळून सोने, मोती, जवाहीर यांचा व्यापार केला. चौदा मुले झाली, बारा मोठी झाली. व्यापाराची कोणतीही गोष्ट हाईम बायकोला विचारल्याशिवाय करीत नसत. 1689 साली ते संध्याकाळी कामासाठी बाहेर गेले असता धारदार दगडावर पडले आणि थोड्याच दिवसांत वारले. मागे आठ मुलांची लग्ने व्हायची होती. बाईंनी धंदा बंद केला नाही. मोजे विणण्याचा कारखाना चालवला, जत्रांना गेल्या, देणी फेडली, मुले उजवली. आणि रात्री झोप येईना, म्हणून 1691 पासून लिहायला बसल्या.

त्या स्वतःच हे कारण सांगतात. दिवस कामात जाई, रात्री काळे विचार येत; मन खचून आपण आजारी पडू आणि मुले उघडी पडतील, ही त्यांना भीती होती. तेव्हा बिछान्यात तळमळत पडण्यापेक्षा उठून लिहिलेले बरे. तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याही समाजसेविकेने वही दिली नसताना ही बाई त्याच उपायाला पोचली. एवढे वाचले आणि मी पुस्तक बाजूला ठेवून चहा केला. रात्रीचे अडीच वाजले होते.

पण पुढे तिची आणि माझी वाट फुटते. मी माझ्या वहीत मला काय वाटते ते लिहीत होते. ग्लिकलबाई काय घडले ते लिहितात. कोण आले, कोण काय म्हणाले, लग्नात किती हुंडा ठरला, किती दिला, कोणत्या जत्रेत काय भावाने विकले. आणि हे सारे मुलांना उद्देशून. 'माझ्या मुलांनो' हा शब्द पानोपानी येतो. सुरुवातीलाच त्या बजावतात की हे काही नीतिबोधाचे पुस्तक नव्हे. मग लगेच नीतिबोध सुरू करतात, ही गोष्ट वेगळी!

इथे पुस्तकाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर कुणी माझ्या भरवशावर घेईल आणि पहिल्या भागातच झोपेल. (ते एका परीने चांगलेच, म्हणा.) पहिला भाग जवळजवळ सगळा उपदेशाचा आहे. मधूनमधून इकडून तिकडून ऐकलेल्या लांबलचक कथा येतात, त्यांतल्या काही फारच ताणलेल्या. स्थळे आणि हुंडे यांचे आकडे इतके की वाटावे, आठवणी वाचतो आहोत की शादखानची चोपडी. श्रीमंत सोयरीक जमली की बाईंना होणारा आनंद झाकत नाही. राजपुत्र लग्नाला आला होता हे त्या चवीने सांगतात. मला त्याचे हसू आले, पण रागही थोडा आला. आमच्या घरी पाच मुलींची लग्ने झाली, राजपुत्र सोडा, वेळेवर बँडवालाही आला नाही.

मात्र आकड्यांबद्दलचे माझे मत वाचता वाचता बदलले. आधी मी ती पाने उलटत होते. मग ध्यानात आले की बाई जिथे फार दुःखात आहेत तिथेच आकडे आणि तपशील वाढतात. दुःखाला त्या मोजमाप देतात. हाईमच्या मृत्यूची पाने काढून बघा. रडण्याची वर्णने थोडी आहेत. कोणत्या वेळी घरी आले, कोणता वैद्य बोलावला, कोण खोलीत होते, कोण दारात होते, हे क्रमाने आहे. आणि मग एक प्रसंग. बाईंना मरणाऱ्या नवऱ्याला मिठी मारायची आहे. पण त्या विटाळात आहेत, मिकव्याला अजून गेलेल्या नाहीत. त्या विचारतात. तो नको म्हणतो. आता थोडेच दिवस राहिले, मग तू जाशीलच मिकव्याला, असे म्हणतो. आणि ते दिवस येण्याआधी जातो. बाई यावर एक शब्दही भाष्य करीत नाहीत. ना देवाला बोल, ना नियमाला. मला पुस्तक मिटावे लागले. आमच्या हॉस्पिटलात शेवटच्या रात्री परिचारिकेने मला बाहेर बसायला सांगितले होते आणि मी बसले होते. सहा आठवडे त्या निळ्या वहीत मी परिचारिकेबद्दल, डॉक्टरांबद्दल, मुलाने उशीर केला त्याबद्दल लिहीत होते. मी बाहेर बसले, हे वाक्य एकदाही लिहिले नव्हते.

ज्या संशोधनावरून आपल्याला वह्या वाटल्या जातात तेही मी मुलीकडून समजून घेतले. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस ओळीने, रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींनी साध्या विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातल्या मोठ्या आघातावर. आघातावर लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याबरोबर जास्तच वाईट वाटले. पण ज्यांनी घडलेली हकीकत आणि त्याविषयीच्या भावना अशी दोन्ही लिहिली, ते पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. नुसत्या भावना ओकून तेवढे झाले नाही. पुढे पेनेबेकरांनी लोकांनी लिहिलेले शब्द तपासले, तेव्हा दिसले की दिवसागणिक ज्यांच्या लिखाणात 'म्हणून', 'त्यामुळे', 'आता कळते' असे शब्द वाढत गेले, त्यांना गुण आला. म्हणजे गोंधळाची गोष्ट होऊ लागली की आराम पडतो. आणि 2006 साली असे 146 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा फायदा खरा निघाला, पण अगदी लहानसा. हे लहानसेपण वही वाटताना कुणी सांगत नाही. आणि चार दिवस लिहा असे त्या प्रयोगात होते. जन्मभर रोज रात्री तेच उगाळा, असे कुठेच नव्हते.

ग्लिकलबाईही रोज लिहीत नव्हत्या. सात भागांपैकी पाच त्यांनी 1699 पर्यंत लिहिले. मग त्यांनी दुसरे लग्न केले आणि लेखणी थांबली ती जवळपास पंधरा वर्षे! सहावा आणि सातवा भाग 1715 नंतरचे. मला वाटते, पुस्तकाचा सर्वांत बोलका भाग ही न लिहिलेली पंधरा वर्षेच आहेत. दुसरे यजमान मेत्स शहरातले मोठे सावकार, हिर्श लेवी. मुलांवर आपला भार पडू नये म्हणून बाईंनी हे लग्न केले. हा माणूस रात्री झोपेत उसासे टाकी. बाई विचारीत, काय झाले? तो म्हणे, काही नाही, सवय आहे. लोकांनी सांगितले, पहिल्या बायकोची आठवण येत असेल. दोन वर्षांत त्याचे दिवाळे निघाले. बाईंचे पैसे गेले, मुलीच्या नावचेही गेले. तेव्हा उसाशांचा अर्थ कळला. आज मागे पाहून बाई हे लिहितात तेव्हा त्यांना राग नवऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त येतो. माझ्या मते, मनात ठेवून कुढणाऱ्या माणसाचे इतके नेमके चित्र मोठमोठ्या कादंबऱ्यांत नाही, आणि ते चार ओळींत आहे. आपल्या पिढीतले किती पुरुष असे उसासे टाकीत गेले! 'काही नाही, सवय आहे.'

आता थोडे विषयांतर, पण ते फार दूर जात नाही. 1910 साली हे पुस्तक जर्मनमध्ये आणणारी बाई कोण होती? बेर्था पापेनहाइम, व्हिएन्नाची, ग्लिकलच्याच गोतातली. तिने त्या पोशाखात ग्लिकल म्हणून स्वतःचे चित्रही काढून घेतले होते. पण मानसशास्त्राच्या पुस्तकांत ती वेगळ्याच नावाने प्रसिद्ध आहे: ॲना ओ. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या 1895 च्या ग्रंथातली ती रुग्ण. तरुणपणी वडिलांच्या आजारपणात सेवा करता करता ती स्वतः आजारी पडली. एका काळात मातृभाषा जर्मन तिच्या तोंडून नाहीशी झाली. ती फक्त इंग्रजी बोले. डॉक्टर ब्रॉयर रोज येऊन तिचे ऐकून घेत. या बोलण्याच्या उपचाराला नाव तिनेच दिले आणि गंमतीत ती त्याला धुराडे साफ करणेही म्हणे. आज जगभर मन मोकळे करण्याची जी शास्त्रे निघाली त्यांच्या मुळाशी ही मुलगी आहे. ग्रंथात ती बरी झाली असे वाटते. प्रत्यक्षात त्यानंतरही तिला रुग्णालयात राहावे लागले. पुढे ती खरोखर उभी राहिली ती कामाने. अनाथ मुलींसाठी, फसवल्या गेलेल्या यहुदी स्त्रियांसाठी तिने आयुष्य घातले, 1904 साली जर्मनीत यहुदी स्त्रियांचा संघ काढला. जिने धुराडे साफ करून पाहिले होते, तिने पन्नाशीत ग्लिकलची वही हाती घेतली. तिच्या मनात काय होते ते मी कशाला सांगू. पण दोघी एकाच वाटेवर भेटल्या याचे मला नवल वाटत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र आपल्याला टाळता येणार नाही. वही कोणत्या भाषेत लिहायची? समाजसेविका म्हणाली, 'कोणत्याही.' तिला हे सोपे वाटले. आपल्या देशात शाळेत मुलांना हाना सेनेशची डायरी वाचायला देतात. तेराव्या वर्षी, 1934 साली, बुदापेस्तमध्ये तिने ती हंगेरियनमध्ये सुरू केली. 1939 साली ती इथे आली, नहलालच्या शेतकी शाळेत राहिली आणि डायरी हिब्रूत लिहू लागली. माझी नात म्हणते, किती छान, किती देशप्रेम. मी वाचते तेव्हा मला दुसरेच दिसते. नव्या भाषेत मनातले लिहिणे म्हणजे नव्या चपलेने डोंगर चढणे. हाना अठरा वर्षांची होती, तिला ते साधले. मी चोवीस वर्षांची आले, मला हिशेबापुरते, भांडणापुरते आणि डॉक्टरकडे सांगण्यापुरते हिब्रू आले. घोर हिब्रूत लागत नाही. एकदा हट्टाने चार दिवस हिब्रूत लिहून पाहिले. गंमत अशी की शब्द कमी असल्याने तक्रारीही कमी झाल्या! 'मी दमले. तो नाही. थंडी आहे.' एवढ्यावर वही मिटली. झोप बरी लागली, पण ते लिहिणे माझे वाटले नाही.

मराठीत लिहिण्याचा एक फायदा आपण सगळेच मनात धरतो, तोंडाने बोलत नाही. तो म्हणजे मुले वाचू शकत नाहीत. माझ्या कपाटात यजमान गेल्यापासूनच्या पाच वह्या आहेत, निळी सहावी. त्यांत मी सुनेबद्दल जे लिहिले आहे ते वाचून मलाच लाज वाटते. पण बिनधास्त होते. गेल्या पेसाहला धाकटा नातू आला, टेबलावरची वही पाहिली आणि खिशातला फोन काढून पानावर धरला. 'सावता, बघ, हा वाचतो!' (हिब्रूत आजीला सावता म्हणतात हे माहीत असूनही इतक्या वर्षांनी मला अजून सावता माळीच आठवतात.) माझे अक्षर बरे नाही, म्हणून फोनने बरेच अगडबगड काढले. एक शब्द मात्र नीट निघाला: कला. हिब्रूत या एकाच शब्दाचे नवरी आणि सून असे दोन्ही अर्थ. नातवाला वाटले, आजी कुणाच्या तरी लग्नाविषयी लिहिते आहे. मी हो म्हटले आणि वही मांडीखाली घेतली. हात थरथरत होते.

त्या रात्री ग्लिकलबाईंचा लेब नावाच्या मुलाविषयीचा भाग मी पुन्हा वाचला. या मुलाने बर्लिनमध्ये धंद्यात घोटाळा केला, लोकांवर विश्वास ठेवून पैसा बुडवला, आईला त्यापायी फार भोगावे लागले. पुढे तो तरुणपणीच वारला. बाई काही लपवीत नाहीत. कुणाचे किती गेले, आपण किती रडलो, किती भरले, सगळे आहे. आणि हे त्या त्याच्याच भावंडांना सांगत आहेत, म्हणजे एकही शब्द असा चालणार नाही जो टेबलावर सर्वांसमोर वाचता येणार नाही. म्हणून मग त्याचा भोळेपणाही येतो, त्याचा चांगला स्वभावही येतो, आणि आपण त्याला माफ केले हेही. हे सारे शुद्ध मनाने लिहिले असे मी म्हणत नाही. कदाचित पहिल्या रात्री त्यांनीही दात-ओठ खाऊन वेगळेच लिहिले असेल आणि चुलीत घातले असेल. पण आपल्याला मिळाले ते वाचणाऱ्याला समोर धरून लिहिलेले. कुणीच वाचणार नाही म्हणून लिहिले की माणूस स्वतःची बाजू घेतो. कुणीतरी आपले वाचेल म्हटले की समोरच्याला बसायला पाट द्यावा लागतो. समाजसेविकेच्या सल्ल्याशी माझे भांडण आहे ते इथे.

भांडण आहे, पण पूर्ण नाही. कुणाला दाखवू नका हा सल्ला काही माणसांना जीवदान देतो. ज्यांना घरात बोलायची सोयच नाही, ज्यांच्यावर हात उगारला गेला, जे छावण्यांतून आले, त्यांनी आधी मुलांना बरे वाटेल असे लिहावे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? आपल्यातही 1960 नंतरची ती वर्षे आठवणारे आहेत, जेव्हा आपली लग्ने यहुदी म्हणून मानायची की नाही याचा काथ्याकूट चालला होता आणि 1964 साली सरकारने स्पष्ट शब्दांत सांगेपर्यंत आपण आंदोलने करीत होतो. माझ्या नणंदेला नोंदणीच्या टेबलावर तिच्या आजीची आजी कोण, असे विचारले होते. ती त्या विषयावर मरेपर्यंत बोलली नाही. तिने लिहून फाडले असते तरी चालले असते.

पुस्तकातल्या दोन गोष्टी आपल्या वाचकांना विशेष जवळच्या वाटतील. एक शब्बताई त्स्वीची. 1665-66 साली हा माशियाह आला म्हणून युरोपभर धांदल उडाली. ग्लिकलच्या सासऱ्यांनी एरेत्सला जायचे म्हणून दोन मोठी पिंपे भरून हॅम्बुर्गला पाठवली. त्यांत कपडे, वाटाणे, घेवडा, सुके मांस, सुकवलेली फळे. बोलावणे येईल आणि थेट निघू. पिंपे वर्षाहून अधिक तशीच. शेवटी खाण्याचे खराब होईल म्हणून उघडायला सांगितले. बाई या म्हाताऱ्याची टर उडवीत नाहीत. मला आमच्या आईची पत्र्याची पेटी आठवली. मलिद्याचे पोहे, आमसुले, तिखटमसाला भरून ती दोनदा बांधली गेली आणि कागदपत्रे आली नाहीत म्हणून दोनदा सोडली. तिसऱ्या वेळी निघालो तेव्हा पोह्यांना टोके झाले होते.

दुसरी गोष्ट पक्ष्याची. बाप पक्षी तीन पिलांना एकेक करून समुद्रापार नेतो. वाटेत विचारतो, मी म्हातारा झाल्यावर तू मला असे नेशील का? पहिली दोन पिले नेऊ म्हणतात. तो त्यांना खोटारडी म्हणून पाण्यात टाकतो. तिसरे म्हणते, ते वचन देववत नाही, पण मला पिले झाली तर त्यांना मी असेच नेईन. त्याला तो पैलतीरी पोचवतो. आमच्या मोआदोनमध्ये ही गोष्ट मी सांगितली तेव्हा एवढे भांडण झाले की ताईंनी येऊन दिवे लावले. अर्ध्या जणींचे म्हणणे, पक्षी क्रूर. उरलेल्या गप्प होत्या. मलाही ती गोष्ट क्रूर वाटते. पण सातव्या भागात बाई स्वतः म्हाताऱ्या, कफल्लक, मेत्समध्ये लेकीच्या दारात येऊन राहतात, नको नको म्हणत. आणि मग लिहितात की दुपारी देवळातून उशिरा आले तरी माझ्यासाठी चांगलेचुंगले काढून ठेवलेले असते. जिने मुलांवर भार होऊ नये म्हणून चुकीचे लग्न केले, तिला झाकून ठेवलेल्या ताटाचे किती अप्रूप! त्या ओळी मी मुलीला फोनवर वाचून दाखवल्या. ती म्हणाली, 'इमा, तू शुक्रवारी येतेस ना?' विषय तिने बदलला की पुढे नेला, कळले नाही.

मूळ वही आज नाही. ग्लिकलचा मुलगा मोशे, जो बायर्सडॉर्फला राब्बी होता, त्याने ती उतरवून काढली, त्या प्रतीवरून 1896 साली पुस्तक छापले गेले. पावणेदोनशे वर्षे कागद घरात राहिले. आपल्याकडे हाईम शमुएल केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहास 1897 साली पुरा केला, तो तेल अवीवला छापून निघायला 1937 उजाडले. कागदाला धीर असतो, तो जपणारे कुणी हवे. मी निळी वही फाडली नाही. पहिल्या पाच वह्यांतली काही पाने मात्र काढली, सुनेची. आणि नव्या पानावर धाकट्या नातवाचे नाव घालून, त्या रात्री हॉस्पिटलात काय झाले ते लिहिले, किती वाजता कोण आले तिथपासून. मराठीत. त्याच्या फोनला वाचता यावे म्हणून अक्षर शाळेतल्या शुद्धलेखनासारखे काढले. चार रात्री लागल्या. पाचव्या रात्री दोनला जाग आली, ती आलीच.

पुस्तक जड आहे, मांडीवर धरवत नाही. टेबलावर ठेवून भिंगाने वाचावे. पहिला भाग सोडून पाचव्यापासून सुरुवात केली तरी चालेल, मागाहून मागे यावे. शेवटचे पान 1719 च्या निसानमधले आहे. रात्री दहाच्या सुमारास एक बाई मोझेल नदीच्या काठी भांडी घासत असते. एकाएकी आकाश उघडल्यासारखे लख्ख उजाडते, ठिणग्या दिसतात, मग पुन्हा अंधार. देव करो, ते चांगल्यासाठी असो, अशा अर्थाचे बाई लिहितात. त्यानंतर पुस्तकात काही नाही.